पाटीवरचा गडी : चेंडू अडवणाऱ्या रोबोंचा इतिहास

आट्यापाट्यांच्या खेळात बचाव करणाऱ्या गड्याला फार थोडे स्वातंत्र्य असते. जमिनीवर आखलेली एक अरुंद पाटी, एवढेच त्याचे राज्य. तिच्यावरून त्याने डावीकडे सरकावे, उजवीकडे सरकावे. पाटी सोडून पुढे धावून कुणाला पकडायची मुभा त्याला नाही. समोरचा हुलकावणी देतो, खांदा एकीकडे टाकतो आणि पाय दुसरीकडे. हात पुरेल तेवढ्या अंतरात आणि क्षणार्धात त्याला टिपायचे असते. विद्यार्थ्यांच्या रोबो-फुटबॉल स्पर्धांत गोल राखणाऱ्या रोबोचे काम सांगायचे झाले, तर यात फारसे काही बदलावे लागणार नाही. पाटीच्या जागी गोलची रेघ आणि हुलकावणी देणाऱ्या गड्याच्या जागी चेंडू मारणारा रोबो, इतकाच फरक.

या गोलरक्षक रोबोचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे. रोबो स्पर्धांच्या बातम्या येतात त्या बहुतेक गोल करणाऱ्या, उंच चढणाऱ्या, लांब फेकणाऱ्या यंत्रांच्या. अडवणारे यंत्र छायाचित्रात कोपऱ्यात असते. या लेखात त्याच्याकडे वळण्याची कारणे दोन. पहिले असे की, यंत्राला ‘पुढे काय होणार’ हे ओळखायला विद्यार्थ्यांनी कसे शिकवले, ते या कोपऱ्यातल्या यंत्रात सर्वांत स्पष्ट दिसते. दुसरे कारण आपल्या भागाशी निगडित आहे. टेंभुर्णी, करमाळा, इंदापूर, भिगवण या पट्ट्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी अशा स्पर्धांत कुठून शिरावे, या प्रश्नाचे एक उत्तर या इतिहासात मिळते.

स्पर्धा आल्या कुठून?

विद्यार्थ्यांनी यंत्रे बांधावीत आणि ती एकमेकांविरुद्ध खेळवावीत, ही कल्पना अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७०च्या दशकात रुजली. वुडी फ्लॉवर्स हे तिथले यंत्ररचनेचे प्राध्यापक. ते विद्यार्थ्यांच्या हाती किरकोळ वस्तूंचा एक संच देत आणि त्यातून ठरावीक काम करणारे यंत्र बांधायला सांगत. शेवटी यंत्रांचा सामना होई. लेखी परीक्षेपेक्षा या सामन्याला गर्दी जास्त जमे. पुढे उद्योजक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली, फ्लॉवर्स तिच्याशी जोडले गेले आणि १९९२ पासून शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धा सुरू झाल्या.

जपानमध्ये हीच कल्पना प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी उचलली. १९८८ मध्ये ‘एनएचके’ या तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने तंत्र महाविद्यालयांची रोबो स्पर्धा दाखवायला सुरुवात केली. तिचेच आशियाभर पसरलेले रूप म्हणजे २००२ पासूनची ‘एबीयू रोबोकॉन’. आशिया-पॅसिफिक भागातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेची ही स्पर्धा असल्यामुळे भारतात तिचे यजमानपद दूरदर्शनकडे आले. या धाग्याकडे पुढे परत येऊ.

फुटबॉल मात्र तिसऱ्याच वाटेने आला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे अ‍ॅलन मॅकवर्थ यांनी १९९२ मध्ये असे मांडले की, बुद्धिबळापेक्षा फुटबॉल हीच यंत्राच्या अकलेची खरी परीक्षा. बुद्धिबळात पट स्थिर असतो, विचाराला वेळ असतो. फुटबॉलमध्ये विचार करेपर्यंत जग बदललेले असते. त्याच सुमारास जपानमध्ये मिनोरू असादा, यासुओ कुनियोशी आणि हिरोआकी कितानो यांच्या मनात हेच घोळत होते. १९९३ मध्ये त्यांनी आखलेल्या योजनेला पुढे ‘रोबोकप’ हे नाव मिळाले आणि १९९७ मध्ये जपानच्या नागोया शहरात पहिला रोबोकप भरला. कोरियात किम जाँग-ह्वान यांनी १९९६ मध्येच देजाँ शहरात छोट्या रोबोंचे सामने भरवले होते. १९९७ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी मे महिन्यात ‘डीप ब्लू’ या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवले. एक परीक्षा संपली आणि दुसरी सुरू झाली.

भिंतीचा मोह

गोल वाचवायला सांगितल्यावर कोणाच्याही मनात पहिला विचार येतो तो भिंतीचा. गोल जेवढा रुंद तेवढा रुंद रोबो बांधला आणि दारात आडवा उभा केला की काम झाले. जगभरातल्या नियमपुस्तकांनी हा मोह कसा मोडला, हे पाहण्यासारखे आहे.

कोरियाच्या स्पर्धेत रोबो म्हणजे साडेसात सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा, आणि गोल ४० सेंटिमीटर रुंद. संघात तीन ठोकळे. तिन्ही शेजारी शेजारी लावले तरी साडेबावीस सेंटिमीटरच झाकले जातात. सतरा-अठरा सेंटिमीटर उघडेच राहतात. त्यातही गोलसमोरच्या चौकटीत एकाहून जास्त रोबो बचावाला आणले, तर प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी. चेंडू चौकटीत आल्यावर गोलरक्षकाने तो दहा सेकंदांत बाहेर काढला नाही, तरी पेनल्टी. म्हणजे अडवणे एवढ्यावर भागत नाही, अडवलेले सोडावेही लागते.

रोबोकपच्या ‘स्मॉल साइज’ गटात रोबोचा व्यास जास्तीत जास्त १८ आणि उंची १५ सेंटिमीटर. चेंडू नारिंगी रंगाचा, गोल्फचा. आजच्या नियमांत दुसऱ्या श्रेणीच्या मैदानावर गोल १ मीटर रुंद असतो आणि पहिल्या श्रेणीत १.८ मीटर. बचावाच्या चौकटीत गोलरक्षकाशिवाय आपल्या कोणत्याही रोबोने थांबायचे नाही. मोठ्या चेंडूने खेळणाऱ्या ‘मिडल साइज’ गटात तर एक मजेदार सवलत आहे. गोलरक्षकाने अंगाबाहेर हात काढावेत, पण १० सेंटिमीटरच आणि फक्त एका सेकंदापुरते. हात पसरून उभे राहता येत नाही. सेकंद कधी खर्च करायचा, हे आधी ठरवावे लागते.

या मालिकेतले सर्वांत बोलके उदाहरण ‘फर्स्ट’च्या २०१४ सालच्या खेळाचे. दोन फूट व्यासाचा फुगीर चेंडू, दोन्ही बाजूंना तीन-तीन रोबो, सामना अडीच मिनिटांचा. रोबोची उंची पाच फुटांपर्यंत, आणि वरचा गोल मात्र जवळजवळ सात फुटांवर. गोलसमोरच्या पट्ट्यात उभ्या असलेल्या रोबोला पाच फुटांच्या वर काही उंचवायची परवानगी होती. पण ते सहा इंच व्यासाच्या उभ्या नळकांड्यात मावले पाहिजे. भिंत मागणाऱ्याला नियमाने एक खांब दिला.

आता हिशेब पाहा. खांब सहा इंच, चेंडू चोवीस इंच. चेंडूचा मध्य खांबाच्या दोन्ही बाजूंना पंधरा इंचांच्या आत असेल तर स्पर्श होणारच. म्हणजे सहा इंचांच्या खांबाची अडवण्याची रुंदी तीस इंच भरते. विद्यार्थ्यांना हे पटकन उमगले. पण दुसरा हिशेब अधिक कडू होता. त्या खेळात तिन्ही रोबोंनी चेंडू हाताळून गोल केला तर ३० जादा गुण मिळत आणि दोघांनीच हाताळला तर १०. वरच्या गोलचे स्वतःचे गुण दहाच. एक रोबो गोलात अडकवून ठेवला की आपले वीस गुण बुडतात, आणि समोरच्याचा एक फटका अडवून वाचतात दहा. मग गोलरक्षक हवा कधी? सामन्याच्या सुरुवातीच्या दहा सेकंदांत, जेव्हा रोबो माणसाच्या हाती नसून स्वतःच्या आज्ञावलीवर चालतात आणि ठरलेल्या जागेवरून ठरलेला फटका मारतात. तेव्हा आपल्या रोबोलाही दुसरे फारसे काम नसते. खांब उभारायचा की नाही, हा प्रश्न रचनेपेक्षा जमाखर्चाचा ठरला.

सगळ्या नियमपुस्तकांचा आशय एकच आहे. गोल उघडा राहिलाच पाहिजे, नाहीतर खेळ उरत नाही. आणि गोल उघडा राहायचा म्हटले की अडवणाऱ्याकडे आकाराऐवजी एकच भांडवल उरते, ते वेळेचे.

दौंडचा आकडा

वेळ म्हणजे काय, हे उजनीकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. पावसाळ्यात आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘दौंडला किती चाललंय?’ पुण्याच्या वरच्या धरणांतून सुटलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत येते, दौंडला मोजले जाते आणि मग जलाशयात शिरते. धरण भरत आले असेल, तर पाणी भिंतीला लागेपर्यंत वाट पाहून चालत नाही. दौंडचा आकडा बघून दारे आधी उचलावी लागतात, नाहीतर खाली पंढरपूरला वाळवंट आणि घाट बुडतात. पाणी जिथे अडवायचे तिथे बघून उपयोग नाही. बघायचे ते वरच्या अंगाला.

पहिल्या पिढीच्या गोलरक्षक रोबोंना नेमके हेच जमत नव्हते. चेंडू जिथे दिसेल त्याच्या समोर जाऊन उभे राहायचे, एवढीच त्यांची आज्ञावली. चेंडू डावीकडे गेला की रोबो डावीकडे. चेंडू मंद असेल तोवर हे चालते. वेगात असेल, तर रोबो कायम एक पाऊल मागे राहतो.

यातून वाट काढणाऱ्यांत अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पथकाचे नाव आधी घ्यावे लागते. प्राध्यापिका मॅन्युएला वेलोसो आणि त्यांचे विद्यार्थी पीटर स्टोन यांचे हे पथक १९९७ आणि १९९८ अशी दोन्ही वर्षे छोट्या रोबोंच्या गटात जिंकले. मैदानाच्या वर टांगलेला कॅमेरा चेंडूचे स्थान सारखे टिपत असे. लागोपाठच्या स्थानांवरून चेंडूची दिशा आणि वेग काढायचा, ती रेघ गोलपर्यंत वाढवायची आणि ती जिथे छेदेल तिथे रोबोने आधी पोहोचायचे. त्या काळचे रोबो दोन चाकांचे. ते पुढे-मागे जात, आडवे सरकत नसत. म्हणून गोलरक्षकाला मैदानाकडे कूस करून, गोलच्या रेघेला समांतर उभे करत. पुढे गेला की तो डावीकडे सरके, मागे आला की उजवीकडे. पाटीवरचा गडीच तो.

अडचण अशी की कॅमेऱ्याचे प्रत्येक माप थोडे चुकते. प्रकाश बदलतो, रंग फसवतो, चेंडू एखाद्या रोबोआड जातो. दोन चुकीच्या बिंदूंतून काढलेली रेघ गोलपर्यंत वाढवली की चूकही तितकीच वाढते. यावरचा उपाय रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितात होता. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनी तेच वापरले. त्याचे मर्म साधे आहे. आधीच्या माहितीवरून अंदाज करायचा, नवे माप आले की दोन्ही ताडून पाहायचे, आणि ज्याच्यावर जितका भरवसा तितके त्याला वजन द्यायचे. जुना जाणता शेतकरी नदीचे पाणी याच रीतीने जोखतो. कालचा अंदाज तो टाकून देत नाही आणि आजच्या एका आकड्याने घाबरतही नाही. अपोलोचे हे गणित आता महाविद्यालयीन मुलांच्या मुठीएवढ्या यंत्रात आले.

पुढचा टप्पा चाकांचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पथकाने तोंड न वळवता कोणत्याही दिशेला सरकणारी चाके छोट्या रोबोंच्या गटात रुजवली. १९९९, २०००, २००२ आणि २००३ असे चार वेळा ते अजिंक्य ठरले. या पथकाचे मार्गदर्शक राफाएल्लो डी’आंद्रेया पुढे ‘किव्हा सिस्टिम्स’ या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. गोदामात मालाची कपाटे उचलून आणणारे रोबो ही कंपनी बनवत असे. २०१२ मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने ती विकत घेतली. एका कॅमेऱ्याखाली एकमेकांना न धडकता वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचा सराव कुठे झाला असेल, हे वेगळे सांगायला नको. विद्यार्थ्यांच्या खेळाला ‘नुसता खेळ’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पंधरा सेंटिमीटरचा हिशेब

गोलरक्षकाची खरी अडचण किती मोठी आहे, ते आकड्यांत मांडून पाहू. स्मॉल साइज गटात चेंडूचा वेग सेकंदाला ६.५ मीटरपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. समजा प्रतिस्पर्ध्याने गोलपासून ३ मीटरवरून बरोबर समोरून पूर्ण वेगाने चेंडू मारला. घर्षण सोडून देऊ. चेंडू ०.४६ सेकंदांत गोलरेघेवर येईल. कॅमेऱ्याने पाहणे, संगणकाने ठरवणे आणि रोबोपर्यंत आज्ञा पोहोचणे यात ०.०६ सेकंद जातात असे धरू. उरले ०.४० सेकंद. रोबो थांबलेल्या स्थितीतून दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवू शकतो असे मानले, तर एवढ्या वेळात तो २४ सेंटिमीटर सरकेल.

गोल एक मीटर रुंद. मध्यभागी उभ्या रोबोपासून खांब ५० सेंटिमीटरवर. रोबोचे निम्मे अंग ९ सेंटिमीटर, ते वजा केले तर त्याला सरकायचे आहेत ४१ सेंटिमीटर. जमतात २४. सतरा सेंटिमीटर कमी पडतात, आणि अचूक मारलेला चेंडू आत जातो.

फुटबॉल पाहणारा लगेच म्हणेल, गोलरक्षकाने पुढे यावे, म्हणजे कोन लहान होतो. खरे आहे. रोबो एक मीटर पुढे आला, तर चेंडूपासून दोन्ही खांबांकडे जाणाऱ्या रेघांमधले अंतर तिथे ६७ सेंटिमीटरच असते. आता त्याला एका बाजूला २४ सेंटिमीटर सरकायचे आहेत. पण चेंडूही त्याच्यापर्यंत लवकर पोहोचतो. ०.३१ सेकंदांतून ते ०.०६ वजा केले की उरतात ०.२५, आणि तेवढ्यात तो नऊ-सव्वानऊ सेंटिमीटरच सरकतो. तरीही पंधरा सेंटिमीटर कमी पडतातच. मीटरभर पुढे येऊन पदरात पडले दोन सेंटिमीटर, आणि वर चेंडू डोक्यावरून उडवला जाण्याचा धोका. कारण चेंडू हवेत उचलणारे रोबोही आता असतात.

मग हे पंधरा सेंटिमीटर आणायचे कुठून? यंत्र अधिक ताकदवान करून थोडे मिळतील. पण चाके कापडी मैदानावर घसरतात, त्यामुळे मोटर मोठी केली तरी एका मर्यादेपुढे उपयोग नसतो. उत्तर फटक्याच्या आधीच्या क्षणात आहे. या रोबोंचा चेंडू मारणारा दांडा त्यांच्या तोंडाशी असतो. ज्या दिशेला तोंड, त्या दिशेला फटका. ३ मीटरवरून एका खांबावर धरलेला नेम दुसऱ्या खांबावर न्यायचा, तर रोबोला सुमारे १९ अंश वळावे लागते. हे वळणे कॅमेऱ्याला दिसते. म्हणून चांगला गोलरक्षक चेंडू सुटण्याची वाट पाहत नाही. चेंडू समोरच्याच्या ताब्यात असतानाच त्याच्या तोंडाची रेघ वाढवून तो गोलवर कुठे उतरते ते बघतो आणि त्या बाजूला आधीच सरकून उभा राहतो. कमी पडणारे पंधरा सेंटिमीटर असे आधीच कमावले जातात.

अर्थात हुलकावणीही आलीच. मारणारे पथक आपल्या रोबोला मुद्दाम एका बाजूला तोंड करून उभे करते आणि ऐन वेळी चेंडू दुसऱ्या रोबोकडे देते. गोलरक्षकाने किती आधी विश्वास ठेवायचा, हे मग ठरवावे लागते. लवकर ठेवला तर फसतो, उशिरा ठेवला तर पोहोचत नाही. आट्यापाट्यांतला कसलेला गडी समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कमरेकडे बघतो, कारण कंबर खोटे बोलत नाही. रोबोची ‘कंबर’ कुठली, हे शोधण्यात विद्यार्थ्यांच्या कित्येक रात्री जातात.

पुणे, दहीहंडी आणि लगोरी

आता रोबोकॉनच्या धाग्याकडे. या स्पर्धेची एक सुंदर रीत आहे. यजमान देशाने आपल्या परंपरेतून खेळाचा विषय द्यायचा. २००८ मध्ये आशियाई स्पर्धा पुण्यात झाली आणि विषय होता ‘गोविंदा’, म्हणजे आपली दहीहंडी. ती चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने जिंकली. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. त्या वेळी विषय पालकत्वाला वंदन करणारा होता. पालक रोबोने बाळ रोबोला खेळवायचे होते. भारतातली राष्ट्रीय फेरीही कित्येक वर्षे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असे. मुंबईचे व्हीजेटीआय, पुण्याचे सीओईपी, एमआयटी अशा संस्थांच्या पथकांनी तिथे रात्री जागवल्या आणि आपल्या भागातून पुण्याला शिकायला गेलेली मुले त्यांत होती.

२०१४ चा विजेता सांगण्यासारखा आहे. व्हिएतनामचे लाक होंग विद्यापीठ. राजधानी हनोईतले नव्हे की बड्या हो ची मिन्ह शहरातले नव्हे. बिएन होआ नावाच्या औद्योगिक शहरातले एक खासगी विद्यापीठ. सोलापूर-पंढरपूरच्या महाविद्यालयांनी हे नाव भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत रोबोकॉन ही बरीचशी शर्यतच होती. दोन्ही पथके आपापले काम वेगाने उरकत आणि अडवण्याला दुय्यम जागा असे. हळूहळू चित्र बदलले. २०१५ मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात रोबोंना बॅडमिंटन खेळवले गेले. समोरून आलेले फूल परतवायचे म्हणजे त्याची वाट आधी ओळखायची; आणि पिसांचे फूल हवेत इतके झपाट्याने मंदावते की सरळ रेघेचे गणित तिथे कोलमडते. २०२१ मध्ये चीनच्या यजमानपदाखाली बाण भांड्यांत फेकण्याचा जुना खेळ आला, तेव्हा दोन रोबोंपैकी एकाचे नावच ‘बचाव रोबो’ होते.

२०२२ मध्ये यजमानपद भारताकडे, नवी दिल्लीत आले आणि विषय होता लगोरी. एका पथकाने चेंडू मारून पाच चकत्यांची लगोरी फोडायची आणि पुन्हा रचायची. रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला. तो प्रतिस्पर्ध्याने चेंडू मारून पाडला की रचणे थांबले. आपल्या अंगणातल्या खेळात पाठीवर बसणारा चेंडू इथे डोक्यावरच्या चेंडूला बसतो, एवढाच बदल. गल्लीत जी अक्कल लागते तीच इथे लागली. फेकणारा कधी फेकेल ते ओळखा आणि त्या क्षणी तिथे असू नका. गोलरक्षकाच्या गणिताची ही उलटी बाजू. एकाला चेंडूच्या वाटेत यायचे असते, दुसऱ्याला वाटेतून हटायचे.

२०२५ मध्ये मंगोलियातल्या उलानबातरला बास्केटबॉल हा विषय आला आणि अडवणे खेळाच्या मध्यभागी आले. दोन रोबो चेंडू आपटत, एकमेकांकडे देत टोपलीकडे येतात आणि समोरचे दोन त्यांचा फटका रोखायला उभे राहतात. २०१४ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी सहा इंची खांबाने सोडवलेला प्रश्न अकरा वर्षांनी आशियातल्या महाविद्यालयांसमोर नव्या रूपात उभा राहिला.

कच्चा लिंबू आणि आपल्या शाळा

गावातल्या खेळांत जो कशालाच उपयोगी नाही, त्याला गोलात उभे करतात. तो कच्चा लिंबू. रोबो पथकांतही तेच होते. ज्या यंत्राचा फटका चालत नाही, त्याची रवानगी गोलात. वर सांगितलेला इतिहास पाहिला की ही चाल किती उलटी आहे ते कळते. गोल करणाऱ्या रोबोला चांगला दांडा, दाबाची टाकी किंवा वीज साठवणारी यंत्रणा, दणकट सांगाडा, म्हणजे पैसा लागतो. गोलरक्षकाला लागतात चाके, डोळा आणि नीट केलेला हिशेब. वर मांडलेल्या पंधरा सेंटिमीटरच्या आकडेमोडीत दहावी-बारावीच्या पुस्तकाबाहेरचे काहीही नाही. गतीचे समीकरण, समरूप त्रिकोण आणि थोडे त्रिकोणमिती.

शाळकरी मुलांसाठीचा ‘रोबोकप ज्युनियर’ २००० सालापासून मेलबर्नच्या स्पर्धेबरोबर सुरू झाला. त्यातल्या फुटबॉलमध्ये संघात दोनच रोबो असतात, साधारण २२ सेंटिमीटर व्यासाचे, आणि त्यातला एक बहुधा गोल राखतो. सोप्या गटात चेंडू स्वतः अवरक्त किरण सोडतो, त्यामुळे कॅमेरादेखील लागत नाही. किरण पकडणारे स्वस्त संवेदक गोलाकार बसवले की चेंडू कुठल्या अंगाला आहे ते कळते आणि होकायंत्राच्या चकतीने आपले तोंड कुठे आहे ते.

आपल्याकडे साधने अगदीच नाहीत असे नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून निवडलेल्या शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्यात संवेदक, मोटरी आणि छापील परिपथ येतात. शिवाय शाळेबाहेरचे ज्ञान आहेच. पाणबुडी मोटर भरणारे, ठिबकचे स्वयंचलित झडप बसवणारे, उसाच्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक दुरुस्त करणारे हात आपल्या प्रत्येक बाजारगावात आहेत. त्या हातांना शाळेच्या खोलीत अजून कुणी बोलावलेले नाही.

अडते ते एका ठिकाणी. तयार संच येतो, मुले पुस्तिका बघून तो जोडतात, रेघेवरून चालणारा रोबो तयार होतो, फोटो निघतो आणि संच कपाटात जातो. काळ्या रेघेवरून चालणारे यंत्र हे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याचे पहिले यंत्र. पुढे त्याचे काय करायचे, हे संचाच्या पुस्तिकेत नसते.

ते आपल्या मैदानात आहे. रेघ न सोडणारे यंत्र म्हणजे पाटीवरचा गडी. त्याला फक्त समोरून कोण येते आहे हे पाहणारा एक डोळा आणि त्याच्या आधी पोहोचण्याचा हिशेब शिकवायचा आहे. नऊ पाट्या, मधली सूरपाटी, प्रत्येक पाटीवर एक रेघ धरून चालणारा रोबो आणि त्या ओलांडत जाणारे प्रतिस्पर्धी रोबो. स्पर्शाची नोंद घ्यायला एक साधी कळ पुरते. चेंडू नको, महागडा दांडा नको, मैदानाला चुना आणि काळी पट्टी. एका शाळेने दोन पाट्यांचा डाव करावा, तालुक्याच्या स्पर्धेला चार पाट्या आखाव्यात, आणि पंढरपूर-सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पूर्ण नऊ पाट्यांचे नियम बांधावेत. नियमपुस्तक लिहिणे हेही शिक्षणच आहे. भिंत कुठे मोडायची, वाट किती उघडी ठेवायची, हे ठरवताना खेळ कळतो.

पुण्याने दहीहंडी आशियासमोर नेली, दिल्लीने लगोरी नेली. थाई, चिनी, व्हिएतनामी मुलांनी आपले हे खेळ वाचले, समजून घेतले आणि यंत्रांकडून खेळवून घेतले. यजमानपद भारताकडे पुन्हा कधीतरी येईलच. तेव्हा दूरदर्शनपुढे ठेवायला अडवण्याचा एक तयार, खेळून पाहिलेला, नियमांत बसवलेला खेळ कुणाकडे तरी असावा लागेल. तो आट्यापाट्यांचा असावा आणि त्याचे पहिले डाव भीमेच्या काठावरच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात झालेले असावेत. त्यासाठी चुन्याची एक रेघ आणि कपाटातला तो संच, एवढे सुरुवातीला पुरे आहे.